येऊ दे… येऊ दे… बास!

आमच्या घरात पुढे तोंड करून चालणारा माणूस म्हणजे रिकामटेकडा माणूस. कामाचा माणूस उलटा चालतो.

थट्टा नाही करत. आम्ही दोर वळतो. घराला लागूनच लांबलचक शेड आहे. एका टोकाला चाक, चाकाला आकडा. कमरेला ताग गुंडाळायचा, त्याचं टोक आकड्यात अडकवायचं, एकानं चाक फिरवायचं आणि दुसऱ्यानं बोटांतून ताग सोडत सोडत मागे मागे जायचं. जितकं मागे जाल तितका धागा लांब. चाक फिरवतो माझा दादा, मागे चालते मी, आणि दुसऱ्या टोकाच्या भिंतीशी स्टुलावर बसलेले असतात आमचे बाबा. माझी पाठ त्यांच्याकडे सरकत असते आणि ते ओरडत असतात, "येऊ दे… येऊ दे… येऊ दे… बास!" बास म्हटलं की थांबायचं, नाहीतर डोकं भिंतीला. मागे वळून मात्र बघायचं नाही. मान वळली की हात हलतो, हात हलला की पीळ बिघडतो आणि पीळ बिघडला की बाबा बिघडतात. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ही म्हण कोणीतरी आमच्या बाबांकडे बघूनच काढली असणार. तोच पीळ माझ्यातही आहे असं दादा म्हणतो. म्हणू दे.

दादाची बायको, म्हणजे माझी वहिनी, बस चालवते. आधी कंडक्टर होती, मग जिवाचं रान करून परीक्षा दिली आणि ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसली. लग्न होऊन आली त्या दिवशी तिनं बाबांची आरोळी ऐकली आणि पोट धरून हसली. "अहो, हे तर आमच्या डेपोसारखंच! बस मागे घेताना आमचा कंडक्टर असाच ओरडतो!" बाबा तिच्यावर तिथल्या तिथे खूश झाले. सून मिळवली तर अशी, म्हणाले. मला आजपर्यंत असं कधी काही म्हणालेले नाहीत, पण ते असो.

तर या दोघांची मुलगी गुंडी. सुताच्या गुंडीसारखी गोल, म्हणून गुंडी.

काय पोरगी होती म्हणून सांगू! आम्ही तिला शेडमध्येच ठेवायचो, बाबांच्या पायाशी. जाड चऱ्हाटाचं मोठं वेटोळं करायचं, आत गोधडी घालायची आणि मध्ये गुंडी. कुंपणाचं कुंपण आणि टेकायला लोड. तिथेच ती पालथी पडली, तिथेच बसायला शिकली, तिथेच चऱ्हाट धरून उभी राहिली. दर वेळी बाबा चाक थांबवायला लावायचे. "थांबवा! बघा! बसली!" अर्धा वळलेला धागा वाया गेला तरी बेहत्तर. एकदा त्यांनी तिच्यासमोर टोपलीखाली सुताचा गुंडा लपवला. आधी असं काही लपवलं की तिच्या लेखी ती वस्तू संपलीच, ती दुसरीकडे बघायची. त्या दिवशी तिनं टोपलीकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं आणि फाडकन टोपली उलटी केली. बाबा स्टुलावरून पडायचेच बाकी होते. "अरे, दिसत नसलं तरी असतं, हे कळलं हिला! कळलं!" आम्ही सगळे टाळ्या पिटत होतो आणि ती तो गुंडा चघळत होती.

फक्त चालत नव्हती. बोलतही नव्हती, "आ" सोडून एक अक्षर नाही, पण बोलण्याची घाई कोणाला नव्हती. घाई होती चालण्याची.

त्याचं असं झालं. वहिनीची रजा संपत आली होती. सोमवारी कामावर हजर झाली नाही तर तिची बस दुसऱ्याला जाणार आणि तिला बसवणार तिकीट-खिडकीत. खिडकीत बसून सुट्टे मोजण्यासाठी का तिनं तो आटापिटा केला होता? आणि गुंडीला शेडमध्ये ठेवणं आता जमेना. चऱ्हाटावरून पाय बाहेर काढायला लागली होती, बाबांचे गुडघे धावपळीचे नाहीत आणि चाकाचा आकडा काही ओळखीपाळखी बघत नाही. डेपोच्या आवारात पाळणाघर होतं, वहिनीला मधल्या सुट्टीत जाऊन लेकीला जवळ घेता आलं असतं. पण तिथल्या रांगत्यांच्या खोलीत मुंगी शिरायला जागा नव्हती. चालत्यांच्या खोलीत एक जागा होती. एकच. अट साधी होती, मूल दारातून आपल्या पायांनी आत आलं पाहिजे.

वहिनी रोज सकाळी गुंडीला उभी करायची, समोर बसायची आणि हात पसरायची. "ये गं, ये ये ये!" गुंडी तिच्याकडे बघून छान हसायची आणि मटकन खाली बसायची. मग वहिनी तिला उचलून कडेवर घ्यायची, ती दिवसभर. रजा संपायची धास्ती अशी, की तिनं त्या पोरीला घडीभर खाली ठेवलं नाही. स्वयंपाक कडेवर, भांडी कडेवर. शेडमध्ये यायची तेवढाच वेळ वेटोळ्यात.

मग ती सकाळ आली. वहिनी डेपोत साहेबांना भेटायला गेली होती. दादानं गुंडीला वेटोळ्यातून काढलं, गोधडी झटकायची होती म्हणून, आणि चाकाजवळच्या खांबाला धरून उभं केलं. खाली तागाचा झुपका पडला होता. गुंडीनं तो उचलला. पोटाशी धरला. खांब सोडला.

आणि एक पाऊल टाकलं. मागे!

माझ्या हातातून तागाचा भारा गळून पडला. दादा चाकाचा दांडा धरून नुसता तोंड उघडं टाकून उभा. अजून एक पाऊल मागे. जरा डुलली, सावरली. बोटांतून तागाचे तंतू सुटताहेत, नजर चाकाकडे, ओठांचा चंबू, अगदी मी काम करताना करते तसा, दादा म्हणतो. आणि अजून एक! तिकडे बाबा स्टुलावरून उठले. चिरक्या आवाजात ओरडले, "येऊ दे! अगं येऊ दे गं माझे बाई! येऊ दे!" अर्ध्या शेडपर्यंत आली पोरगी आणि मग धप्पकन बसली. आम्ही तिघांनी असा काही गिल्ला केला की शेजारचे घड्याळवाले काका आग लागली समजून पाण्याची बादली घेऊन धावत आले.

वहिनी घरी आली तेव्हा आम्ही तिघंही एकदमच बोलत होतो. तिला कळायला जरा वेळ लागला. कळल्यावर ती हसली नाही.

"मला फोन का नाही केलात?"

"अगं, तू साहेबांकडे होतीस," दादा म्हणाला.

"साहेबांकडे होते, चंद्रावर नव्हते." तिचे डोळे भरून आले. "एवढे दिवस मी समोर हात पसरून बसले. नेमकी आज गेले आणि आजच चालली. माझं पहिलं पाऊल होतं ते, कळतंय का तुम्हाला?" तिचं कसलं, गुंडीचं, असं माझ्या जिभेवर आलं होतं. मी जिभेची तिखट आहे, पण आंधळी नाही.

"आता मला दाखवा," वहिनी म्हणाली. आम्ही गुंडीला उभी केली. वहिनीनं हात पसरले. ये ये ये. गुंडी खांबासारखी उभी. मग मटकन खाली.

दुपारपर्यंत लक्षात आलं. चाकाजवळ उभी केली की मागे चालते, झकास चालते. पण समोर बोलावलं की एक पाऊल म्हणून पुढे टाकत नाही. पहिल्या दिवशी गंमत वाटली. घड्याळवाले काका म्हणाले, "रिव्हर्स गिअर टाकूनच जन्मली पोर! आईचा गुण!" वहिनी म्हणाली, "काका, तुम्ही आपली घड्याळं सांभाळा, तीसुद्धा सगळी मागेच पडलेली असतात." पण दुसऱ्या दिवशी कोणाला हसू येईना. वहिनीच्या मनात काय चाललंय ते मला दिसत होतं. माझ्या लेकीत काही कमी तर नाही ना, हे तिनं तोंडानं विचारलं नाही. तिला विचारायचीच भीती वाटत होती.

आम्ही दोघी गुंडीला घेऊन पाळणाघरात गेलो. तिथल्या मुख्य ताई उंच, केसांत अडकवलेला चष्मा, खिशात लाकडी ठोकळे. त्यांनी गुंडीला दारात उभी केली, खाली बसून बोलावलं. गुंडी मटकन खाली. तेव्हा मीच सांगून टाकलं, "चालते हो, पण उलटी."

मला वाटलं हसतील. हसल्या नाहीत. त्यांनी गुंडीसमोर ठोकळा ठेवला, त्यावर रुमाल टाकला. गुंडीनं रुमाल ओढून काढला. मग एक डबी दिली, ती तिनं उघडली, बंद केली, परत उघडली. ताई म्हणाल्या, "हिच्यात काही कमी नाही. ही पक्की विचार करून वागणारी आहे. उलटी चालते म्हणजे त्यामागेही हिचा काहीतरी विचार असणार. तो शोधा. शुक्रवारपर्यंत जागा धरून ठेवते. आणि एक करा, घरी ही जिथे बसते तिथे तुम्ही बसा. हिच्या उंचीवर. हिला काय दिसतं ते बघा."

माझं डोकं फिरलं. "माझी भाची आहे ती, तिला काय दिसतं ते मला माहीत आहे." वहिनीनं मला चिमटा काढला. घरी येईपर्यंत मी त्या ताईंना मनातल्या मनात चार शब्द सुनावले. उंचीवर बसा म्हणे! उंटावरच्या शहाण्या!

मग माझा हुकूम सुटला. शुक्रवारपर्यंत घरात उलटं चालायचं नाही. चाक बंद. सगळ्यांनी सरळ चालायचं, पोरीला सरळ चालणारी माणसं दिसू देत. बाबा म्हणाले, आणि दोर काय तुझा काका वळणार? पण वहिनीचा चेहरा बघून त्यांनीच चाकावर गोणपाट टाकलं. दादानं लाकडी गाडीला दोरी बांधली आणि गुंडीसमोरून ओढत नेली. गुंडीनं दोरी धरून गाडीच स्वतःकडे ओढून घेतली. हुशार म्हणावं की आळशी! वहिनीनं तिचे दोन्ही हात धरून चालवायचा घाट घातला, तर बाईसाहेबांनी पायच वर घेतले. आणि मी? मी तिच्यासमोरून ऐटीत, हात हलवत, सरळ चालत गेले. "बघ गं, आत्या कशी चालते! बघ!" तिनं बघितलं आणि भोकाड पसरलं. मी परत आले, थांबली. पुन्हा सरळ चालत गेले, पुन्हा भोकाड. दर वेळी!

"मी काय बागुलबुवा आहे?" मी ओरडले.

"चालतेसच तशी," दादा म्हणाला. त्याला मी तागाचा झुपका फेकून मारला.

गुरुवार उजाडला. हातात एक भलंमोठं काम होतं, गोदीतल्या माणसांना दोर हवा होता आणि आम्ही चाक बंद करून बसलेलो. बाबांचा पारा चढला. शेवटी ठरलं, थोडं तरी काम उरकायचं. माझी कंबर धरली होती म्हणून दादा ताग गुंडाळून मागे चालायला उभा राहिला, वहिनी चाकावर गेली आणि गुंडी आली माझ्याकडे. तिला घेऊन उभं राहवेना. मी बाबांच्या पायाशी त्या चऱ्हाटाच्या वेटोळ्यातच बसकण मारली, गुंडी मांडीवर. ताईंचं ऐकून नाही, कंबरेचं ऐकून.

चाक सुरू झालं. लांबवर दादाची पाठ दिसत होती, एवढीशी. मग ती मोठी व्हायला लागली. वर बाबा म्हणत होते, "येऊ दे… येऊ दे…" आणि माझ्या मांडीवर गुंडी नाचायला लागली. खरंच नाचायला, पायांनी माझ्या मांड्या तुडवत, हात हलवत. पाठ जवळ आली, मोठी झाली, "बास!" दादा थांबला, धागा खुंटीला बांधला, वळला आणि लेकीचा गालगुच्चा घेतला. गुंडी खिदळली. मग दादा सरळ चालत चाकाकडे निघाला. आणि गुंडीचं तोंड वाकडं झालं. दोन्ही हात त्याच्या मागे लांबवले, खालचा ओठ बाहेर आला.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अंगावर काटा आला, आता सांगतानाही येतोय.

"थांबवा!" मी किंचाळले. "चाक थांबवा! वहिनी, इकडे ये! दादा! मला कळलं!"

वहिनीनं दचकून चाक सोडलं, धागा तुटला, बाबांनी कपाळाला हात लावला. मला पर्वा नव्हती. मी वेटोळ्यात बसूनच हातवारे करत सांगत होते. "अरे, इथे बसून बघा! इथून बघा! आपण हिच्याकडे येतो ते पाठीनं येतो! मी, तू, सगळे! पाठ आली की माणूस आलं, गालगुच्चा आला, खाऊ आला. आणि सरळ चालतो तो हिला सोडून चालता होतो! जन्मापासून ही हेच बघतेय. हिच्या हिशेबात कोणाकडे जायचं तर पाठ करून जायचं. समोर तोंड करून चालणं म्हणजे सोडून जाणं. वहिनी, तू हात पसरून म्हणतेस ये ये, आणि ही तुला सोडून कशी जाईल?"

वहिनीनं माझ्याशेजारी खाली बसून चाकाकडे बघितलं. मग म्हणाली, "खरं करून दाखव."

करून दाखवलं! वहिनी बाबांच्या जागी जाऊन बसली. मी गुंडीला चाकाजवळ, वहिनीकडे तोंड करून उभी केली. "आता ये ये म्हणू नकोस," मी ओरडले. वहिनीनं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. ती म्हणाली, "येऊ दे…"

गुंडीनं कान टवकारले. गोल वळली. आईकडे पाठ केली. आणि निघाली! थबकत, डुलत, एकदाही मागे न बघता, अख्खी शेड. "येऊ दे… येऊ दे माझं सोनं… येऊ दे…" आणि शेवटी ती छोटीशी पाठ वहिनीच्या छातीला टेकली. वहिनी बास म्हणायचीच विसरली. तिनं लेकीला घट्ट धरलं आणि हसता हसता रडायला लागली. बाबा नाक शिंकरत म्हणाले, "दिसत नसलं तरी मागे माणूस आहे, हे कळतं तिला. मी सांगतच होतो." ते काहीही सांगत नव्हते. पण असो.

शुक्रवारी आम्ही दोघी गुंडीला घेऊन निघालो ते जग जिंकल्यासारख्या. मला तर ताईंना कधी एकदा सांगते असं झालं होतं. त्यांना मनातल्या मनात दिलेले शब्द मी वाटेतच परत घेतले होते. पाळणाघरात चालत्यांची खोली पोरांनी भरलेली, कोणी ढोल बडवतंय, कोणी ठोकळ्यांचा मनोरा रचतंय. मी गुंडीला दारात उभी केली. वहिनी खोलीच्या त्या टोकाला जाऊन बसली. "येऊ दे…"

गुंडी वळली आणि पाठमोरी निघाली. सगळी पोरं बघत राहिली. ताईंनी डोक्यातला चष्मा काढून डोळ्यांवर लावला. मी त्यांच्या कानाशी लागून सगळं सांगितलं, शेड, चाक, वेटोळं, पाठ. त्यांनी माझा दंडच धरला. "काय सांगता! म्हणजे हिनं नियम शोधून काढला! एवढ्याशा जिवानं!" त्या माझ्याइतक्याच हरखल्या होत्या. आणि तेवढ्यात गुंडी उलटी चालत थेट त्या मनोऱ्यावर गेली. ठोकळे धडाधड कोसळले, मनोऱ्याचा मालक बोंबलला, खाली बसलेलं एक पोर तिच्या पायाखाली येता येता वाचलं.

ताईंचा चेहरा उतरला. त्यांनी गुंडीला सावरून दाराशी माझ्याजवळ आणून उभी केली आणि वहिनीजवळ जाऊन बसल्या. "मला हिला घ्यायचंय. मनापासून. पण इथे मागून, पुढून मुलं येतात, हिला दर वेळी येऊ दे म्हणायला माणूस नाही माझ्याकडे. ही पडेल, नाहीतर कोणाला पाडेल. सरळ चालायला लागली की या, मी पुढची पहिली जागा देते."

पुढची जागा कधी, ते त्या बोलल्या नाहीत. वहिनीनं विचारलंही नाही. शुक्रवार आणि सोमवार यांच्यामध्ये दोनच दिवस असतात, ते तिला माहीत होतं.

ती उठली. चेहरा दगडासारखा. माझ्याजवळून जाताना माझ्याकडे न बघता म्हणाली, "गुंडीला घे." रडू दिसू नये म्हणून ती तशीच पुढे, दाराबाहेर, लांब व्हरांड्यातून चालत सुटली. सरळ. भराभर. तोंड फाटकाकडे.

मी गुंडीला उचलायला वाकले. आणि वाकल्या जागी थिजले.

गुंडी त्या पाठीकडे बघत होती. आईची पाठ, लांब लांब जाणारी. असं तिनं कधी बघितलंच नव्हतं. दादा जायचा, मी जायचे, पण आई? आईच्या तर ती दिवसभर कडेवर. आणि आज मध्ये चऱ्हाटही नव्हतं. खालचा ओठ बाहेर आला. आता भोकाड, मला वाटलं.

पण नाही. तिनं एक पाय उचलला. पुढे टाकला.

पुढे!

दुसरा पाय, तोही पुढे. उंबऱ्याशी अडखळली, दाराची कड धरली, ओलांडला. व्हरांड्यात! हात पसरलेले, पोट पुढे, आईच्या मागे! जायचंच असेल तर मीही येते, असं जणू तिनं ठरवून टाकलं होतं.

आणि वहिनीची चाल मंदावली. मागे काहीतरी चाललंय हे तिला जाणवलं, मान वळायला लागली. ती वळली असती, समोर तोंड दिसलं असतं, हात पसरले गेले असते, तर संपलंच! पोर खांबासारखी उभी राहिली असती आणि मटकन खाली. माझ्या तोंडून बाबांचाच आवाज निघाला.

"वहिनी! मागे बघू नकोस!"

ती जागच्या जागी थरारली. ड्रायव्हर बाई. हाक कशी पाळायची ते तिला कोणी शिकवायला नको. मान परत सरळ झाली.

"चालत राहा! हळू! येतेय!" मी ओरडत होते. "येऊ दे… येऊ दे…"

तिला कळलं. माझी शपथ, तिला कळलं, कारण तिचे खांदे हलायला लागले. ज्या पावलांसाठी ती एवढे दिवस हात पसरून बसली होती ती पावलं तिच्या पाठीमागे पडत होती, टप टप ऐकू येत होती, आणि ती एक एक पाऊल सावकाश टाकत पुढे जात राहिली. तिनं मान वळवली नाही. मला जमलं नसतं. सांगून ठेवते, मला सात जन्मांत जमलं नसतं. ताई माझ्या शेजारी दोन्ही हात तोंडावर ठेवून उभ्या. त्यांच्या मागे चालत्या पोरांची अख्खी जत्रा.

"येऊ दे… येऊ दे… येऊ दे…" गुंडीनं हात लांब केले आणि आईच्या गुडघ्यांना मागून मिठी मारली.

"बास!"

वहिनी वळली ती सरळ गुडघ्यांवरच आली. लेकीला छातीशी धरून माझ्याकडे बघत होती, गालांवरून धारा. "कशी आली गं? सांग ना, कशी आली? हात कुठे होते? पडली का मध्ये?" मी तिथेच, व्हरांड्यात, सगळ्यांसमोर चालून दाखवलं. पोट पुढे, हात पसरून, डुलत. उंबऱ्याला अडखळूनसुद्धा दाखवलं. वहिनीनं ते पुन्हा करायला लावलं. मी पुन्हा केलं. ताईंनीही एकदा करून दाखवलं, त्यांना माझं अडखळणं पटलं नव्हतं.

त्यानंतर गुंडी थांबली नाही. शनिवारी ती सरळ चालली, रविवारी वाकडी चालली, घड्याळवाल्या काकांच्या दुकानात शिरून तिनं गजराचं घड्याळ पळवलं.

सोमवारी वहिनी खाकी घालून तयार, जागा ताईंनी शुक्रवारीच पक्की केली होती. पाळणाघराच्या खोलीत तिनं गुंडीला खाली ठेवलं आणि ती माझ्याकडे बघून म्हणाली, "मी पाठ नाही दाखवणार तिला." आणि उलटी निघाली. लेकीकडे तोंड करून, मागे मागे, दाराकडे. पोरांमधून, ठोकळ्यांमधून. मी दाराशी उभी राहून "येऊ दे" म्हणायच्या तयारीत. पण गुंडीचं आईकडे लक्षच नव्हतं! ती ठोकळ्यांपाशी पोचलीसुद्धा होती, सरळ चालत, एकदाही मागे न बघता. बाबांची नात. वहिनीच्या चेहऱ्यावरचं हसू लटपटलं, पण ती मागे येत राहिली. तिच्याकडे बघता बघता भिंत आली, आणि बास म्हणायचं माझ्याकडून राहून गेलं.

ठोकळ्यांमधून गुंडीनं मान वर केली. आईकडे बघितलं. दाराशेजारच्या भिंतीकडे बघितलं.

"बाश!" ती ओरडली.

वहिनी थांबली. तिच्या टाचा आणि भिंत यांच्यात बोटभर जागा होती. पहिला शब्द! आणि या वेळी आई समोर होती, डोळ्यांनी बघत होती, कानांनी ऐकत होती. गुंडीनं दुसरा ठोकळा उचलला.

बाहेर कंडक्टरनं घंटा मारली, वहिनी डोळे पुसत बसकडे पळाली. आणि मी घराकडे पळत सुटले, बाबांना सांगायला. सरळ, पुढे तोंड करून, अगदी रिकामटेकड्यासारखी.